वापरात नसलेले शब्द

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरअण्णा खोत आरशासमोर उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खाली धोतर. मागं न वळता त्यांनी लेकीला सांगितलं, "वैजू, कापड दे."

वैजयंतानं दोरीवरचा पंचा आणून दिला. अण्णांनी तो बघितला आणि खाटेवर भिरकावला. "हे नाही. डोक्याचं. डोक्याचं कापड!"

"फेटा व्हय?"

अण्णांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा पडला. उभा जन्म कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करण्यात गेलेला माणूस. हजारो फेट्यांसमोर उभं राहून बोललेला. त्याला फेटा हा शब्द सापडू नये?

वैजयंता हे काही दिवस बघत होती. अण्णा म्हशीला जनावर म्हणत होते, जोंधळ्याला धान्य आणि साडूला नातेवाईक. त्यांच्या बोलण्याची चालही बदलली होती. 'न्हाई' जाऊन 'नाही' आलं होतं, 'हाय' जाऊन 'आहे'. वारणेकाठच्या बोलीत गरजणारा माणूस बातम्या वाचून दाखवल्यासारखा बोलायला लागला होता. आषाढात आई गेली, त्या धक्क्यानं असं होत असेल, अशी वैजयंतानं स्वतःची समजूत घातली होती.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण भाषा गेली. समोरची वस्तू ओळखता यायची, तिचं नाव मात्र ओठांवर यायचं नाही. लिहिणंही गेलं, कारण लिहायलाही शब्दच लागतात. तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कानामागं नखाएवढी एक पातळ चकती बसवली. तिला वाचापट्टी म्हणत. मेंदूत उठलेला अर्थ पट्टी टिपायची आणि पुण्याजवळच्या एका विदाकेंद्राकडे, म्हणजे डेटा सेंटरकडे, पाठवायची. तिथून योग्य शब्द शोधून यायचा आणि जिभेला इशारा मिळायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत.

"तिथं एक अवाढव्य यंत्र आहे," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "त्याच्या पोटात हजारो वेगवेगळी यंत्रं नुसती आखलेली आहेत. त्यांना आभासी यंत्र म्हणतात. भिंती नसलेल्या खोल्याच समजा. त्यातली एक खोली अण्णांची. तिच्यात अण्णांचे शब्द राहतील."

ते शब्द मात्र एकेक करून भरावे लागले. अण्णांच्या मनात अर्थ असताना दुसऱ्या कुणी तरी तो शब्द मोठ्यानं म्हणायचा. मग यंत्र दोन्हींची गाठ मारायचं आणि शब्द अण्णांचा व्हायचा. तालमीतली पोरं सहा-सात महिने रोज अंगणात यायची. दोघं डाव करून दाखवायचे, तिसरा नाव घ्यायचा. ढाक. घिस्सा. मोळी. कलाजंग. पुढच्या हंगामात अण्णा पुन्हा मैदानात उभे राहिले, तेव्हा लोकांनी कुस्ती थांबवून त्यांच्यावर टोप्या उधळल्या होत्या.

आता ते फेटा विसरले होते. वैजयंतानं तो बांधून दिला आणि दोघं जीपमधून पडळवाडीला निघाले. हंगामातलं पहिलं मैदान होतं.

मैदान खच्चून भरलं होतं. हलगी घुमत होती. लहान जोडीच्या कुस्त्यांत अण्णांनी वेळ मारून नेली. "जोरदार! बघा! वाहवा!" एवढ्यावर भागलं. मग मोठी कुस्ती लागली. एका बाजूला नावाजलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला रणजित मगदूम नावाचा विशीतला मुलगा. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या जोडीला उभा राहिलेला. सुरुवातीची खडाखडी झाली, हातांनी एकमेकांचा अंदाज घेऊन झाला. रणजित वाकला आणि हात घालण्याआधीच त्याच्या खांद्याच्या कलावरून अण्णांनी ओळखलं, हा कलाजंग टाकणार. त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी माइक ओठांशी नेला.

"एका पैलवानानं..." ते म्हणाले. "एका पैलवानानं दुसऱ्या पैलवानाला... वर घेतलं. आणि... खाली टाकलं."

मैदानात हशा पिकला. कुणी तरी ओरडलं, "आवं अण्णा, ते दिसतंय की आमाला बी!"

रणजितनं खरोखरच कलाजंगावर कुस्ती मारली होती. तो लाल मातीनं माखलेला, दोन्ही हात वर करून अण्णांकडे बघत उभा होता. जिंकलेल्या पैलवानाचं नाव, गाव, तालीम आणि वस्ताद अण्णांनी पुकारायचे, हा रिवाज होता. अण्णांनी पुकारलं की त्या पैलवानाचं नाव पाच तालुक्यांत होई. आणि रणजितचा वस्ताद म्हणजे अण्णांच्या बरोबरीनं एका ताटात जेवलेला माणूस.

"हा..." अण्णा म्हणाले. "मुलगा. चांगला मुलगा. याचे... शिक्षक..."

आता कुणी हसलं नाही. रणजितचे हात हळूहळू खाली आले. आयोजकांपैकी एकानं अदबीनं पुढं होऊन अण्णांच्या हातातला माइक काढून घेतला. ती अदब अण्णांना हशापेक्षा जास्त लागली. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी कानामागची पट्टी नखांनी खरवडायला सुरुवात केली. वैजयंतानं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला, तो घरापर्यंत सोडला नाही.

पुण्यात कंपनीच्या कार्यालयात गार हवा होती आणि भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं. ग्राहकसेवेचे प्रमुख जयदीप राणे यांनी अण्णांची तपासणी करवून घेतली आणि समाधानानं सांगितलं, "काका, पट्टी उत्तम आहे. सिग्नल उत्तम आहे. वयानुसार थोडंफार होणारच."

"खोटं," अण्णा म्हणाले.

राणे हसले. त्यांच्या शेजारी मृदुला नाफडे नावाची अभियंता संगणकावर आकडे बघत बसली होती. अण्णांचं यंत्र ज्या विभागात होतं, तो विभाग ती सांभाळायची. तिनं मान वर केली. "सर, यांचं वाटप कमी केलेलं आहे."

"कमी नाही. ऑप्टिमाइझ केलंय."

"म्हंजे काय केलंय?" वैजयंतानं विचारलं.

राणे काही बोलायच्या आत मृदुलानं उत्तर दिलं. "प्रत्येकाचं यंत्र तयार करताना त्याला ठरावीक स्मृती दिलेली असते. म्हणजे शब्द ठेवायची जागा. पूर्वी ती कायमची असायची. या जूनपासून आम्ही ती नंतरही बदलायला लागलो, यंत्र चालू असतानाच. आत एक फुगा ठेवलाय असं समजा. जे यंत्र फारसं वापरात नाही, त्यातला फुगा फुगवायचा. तो जागा व्यापतो, तसं आतलं सामान बाहेर ढकललं जातं. मोकळी झालेली जागा मग दुसऱ्या यंत्राला देता येते."

"आन् बाहेर काय ढकललं जातं?"

"जे सगळ्यात कमी वापरलं जातं ते." मृदुला अडखळली. "पाणी, जेवण, माणूस, असे शब्द सगळ्यांचे सारखेच असतात. ते एकदाच ठेवलेले असतात, सगळ्यांत मिळून. ते तिथून आणण्यापुरती जागा यंत्रात उरली आहे तोवर त्यांना धक्का लागत नाही. जातात ते ज्याचे त्याचे. घरातले, गावाकडचे, धंद्यातले."

अण्णा बातम्यांसारखे का बोलायला लागले, ते वैजयंताला आत्ता कळलं. त्यांच्या तोंडात जी भाषा उरली होती ती त्यांची नव्हतीच. ती सगळ्यांची होती आणि म्हणून कुणाचीच नव्हती.

"पण यंत्राला कसं कळतं, कोण वापरत न्हाई ते?"

"किती बोलतात त्यावरून. यांनी आषाढापासून भाद्रपदापर्यंत जवळजवळ काहीच बोललेलं दिसत नाही."

अण्णा उठून उभे राहिले. पैलवानी देह वयानं ओघळला होता, तरी ते उभे राहिल्यावर ती खोली लहान वाटायला लागली.

"बायको मेली," ते म्हणाले. मग शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.  "बायको मेली. मी गप्प बसलो. माणूस मेल्यावर माणूस गप्प बसतो. तुम्ही... तुम्ही ते रिकामं समजलात?"

"आम्हाला कारणं दिसत नाहीत काका," राणे म्हणाले. "फक्त वापर दिसतो. आणि तुमची जागा काही वाया गेलेली नाही. एक सहा वर्षांची मुलगी आहे, जन्मापासून वाचा नाही. ती आता बोलायला शिकतेय. रोज नवे शब्द. तिच्याकडून ते काढून तुम्हाला द्यायचे का?"

अण्णा खाली बसले.  वैजयंता मात्र राणेंकडे बघतच नव्हती. ती मृदुलाकडे बघत होती.

"ताई, समदी जागा त्या पोरीलाच दिली का?"

मृदुलानं एकदा राणेंकडे पाहिलं. "थोडी. बाकीची बहुभाषी सेवेला जाते."

ही सेवा धडधाकट लोकांसाठी होती. तीच पट्टी लावून विक्रेते, वक्ते, समारंभांचे सूत्रसंचालक नऊ-दहा भाषांत बोलायचे. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायचे, म्हणून यंत्राच्या लेखी ते फार कामाचे होते. खऱ्या यंत्रात जेवढी स्मृती होती, तिच्या कितीतरी पट कंपनीनं विकून ठेवली होती. सगळे एका वेळी बोलत नाहीत, या भरवशावर. मृदुलानं हेही सांगून टाकलं.

"म्हंजे एका लंगोटात चार पैलवान घातलेत," वैजयंता म्हणाली, "आन् जो गप्प बसलाय त्याचा फेडून घेतलाय!"

अण्णांनी झटकन मान वळवली. "लंगोट," ते म्हणाले. लेकीच्या तोंडून शब्द ऐकल्याबरोबर यंत्रानं गाठ मारली होती. "लंगोट!" ते पुन्हा म्हणाले आणि क्षणभर हसले. जिना उतरेपर्यंत तो शब्द पुन्हा गेला होता. आत ठेवायला जागाच नव्हती.

निघताना राणेंनी एक उपाय सांगितला होता. "बोलत राहा. रोज दोन-चार तास, काहीही. वापर दिसला की वाटप आपोआप वाढेल. बरीच कुटुंबं तसं करतात."

अण्णांनी तेही करून पाहिलं. घरापुढच्या सोप्यात बसून ते भिंतीशी बोलायला लागले. काय बोलायचं हे सुचेना, म्हणून ते आकडे म्हणायचे. एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर. गल्लीतली माणसं जाता-येता थबकायची आणि नजर चुकवून पुढं जायची. आठवड्यानं वैजयंताला फरक जाणवला. जागा थोडी वाढली होती खरी. पण यंत्रानं तिथं काय ठेवलं, तर आकडे. अण्णा चहाला बसले की मध्येच सत्तेचाळीस म्हणायचे. एकदा नातवाला हाक मारताना त्यांच्या तोंडून एकसष्ट आलं. त्या दिवशी त्यांनी समोरचा पितळी तांब्या उचलून भिंतीवर घातला.

"मी बोलणार नाही," ते म्हणाले. "मला गप्प बसायचं आहे. मला वाटेल तेव्हा गप्प बसायचं आहे. ते माझं आहे."

दवाखान्यातल्या तपासणीच्या रांगेत ओळखी झालेल्या घरांचे फोन नंबर वैजयंताकडे होते. तिनं एकेकाला फोन लावला, आणि जे ऐकायला मिळालं त्यानं तिच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. इचलकरंजीच्या गुलशनआपा यंत्रमागाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दिवसदिवस त्यांच्याशी बोलायला कुणी नसायचं. म्हणून यंत्रानं त्यांचे शब्द काढून घेतले. शब्द गेले म्हणून शेजारणींनीही येणं सोडलं. मग आपा आणखी गप्प झाल्या आणि यंत्रानं आणखी काढून घेतलं. आता त्यांच्याकडे सगळ्यांच्या शब्दांतलेही हो, नाही आणि पाणी एवढंच उरलं होतं. जयसिंगपूरच्या एका गृहस्थांनी श्रावणभर मौन पाळलं होतं. मौन सुटलं तेव्हा त्यांना आपल्या मुलांची नावं घेता येईनात. एक सून होती, सासरी जिला कुणी बोलूच देत नव्हतं. एक मुळातच अबोल शिक्षक होते. ज्यांच्याकडे आधीच थोडं होतं, त्यांच्याचकडून घेतलं गेलं होतं, आणि प्रत्येक घराला सांगण्यात आलं होतं की हे वयानं होतंय, दुःखानं होतंय, तुमच्याच डोक्यात बिघाड आहे.

वैजयंतानं हे सगळं अण्णांना सांगितलं. 

"तिथं जाऊन बसायचं," अण्णा म्हणाले. "दारात. सगळ्यांनी. बोलायचं नाही."

"अण्णा, तुमी गप्प बसलात तर हाय ते बी जाईल! पुण्यात जाऊन बसायचं तर घोषणा द्या, बोंब मारा..."

"ओरडलो तर कुणी बघत नाही." त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. "घेताना दिसलं पाहिजे. त्यांनी घेताना, लोकांना दिसलं पाहिजे."

ते कसं दाखवायचं हे मृदुलानं सांगितलं. तिनं आपल्या खासगी नंबरवरून वैजयंताला फोन केला. आवाज दबका होता. प्रत्येक पट्टीबरोबर घरच्यांच्या फोनवर एक ॲप दिलेलं असतं. त्यात रुग्णाच्या यंत्राची उरलेली स्मृती दाखवणारी एक हिरवी पट्टी असते, पण जूनपासून ती लपवून ठेवली आहे. ती पुन्हा कशी उघडायची, ते तिनं सांगितलं.

"आन् हे परत वाढवता येतंय का?" वैजयंतानं विचारलं.

"येतं. पण नुसतं वाटप नाही, त्याची कमाल मर्यादाच खाली आणलीय. यंत्र चालू असताना ती वाढत नाही. यंत्र बंद करून नव्या मर्यादेनं पुन्हा सुरू करावं लागतं. मला जमेल ते, पण परवानगी वरून लागते. ती मी दोनदा मागितली."

"आन् गेल्याले शब्द?"

"बाहेर ढकललेले शब्द काही दिवस एका साठ्यात असतात. मग तो साठा पुसतात." ती थांबली. "जागा परत मिळेल. शब्द पुन्हा भरावे लागतील."

कार्तिकातल्या एका सोमवारी सकाळी ते सगळे कंपनीच्या दारात येऊन बसले. सतरंज्या घरून आणल्या होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेला एक फोन होता, पडदा बाहेरच्या बाजूला. पडद्यावर हिरवी पट्टी आणि तिच्याखाली नाव. ना फलक, ना घोषणा. येणारे-जाणारे आधी समजले नाहीत. मग ते थांबून वाचायला लागले. वैजयंता आणि इतर घरची माणसं त्यांना सांगत होती, की ही माणसं गप्प आहेत म्हणून त्यांची भाषा काढून घेतली जातेय, आत्ता, तुमच्यासमोर.

दुपारपर्यंत हिरव्या पट्ट्या आखडलेल्या दिसायला लागल्या. आतली यंत्रणा आपलं काम इमानेइतबारे करत होती. ही माणसं बोलत नाहीत, तर यांना जागा कशाला? बहुभाषी सेवेची पट्टी लावलेला एक टाय घातलेला तरुण कार्यालयातून बाहेर पडला. गुलशनआपांच्या गळ्यातल्या पडद्याकडे तो बघत राहिला. मग त्यानं फोनवरचं आपलं बोलणं मध्येच तोडलं आणि खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे आले. एका बातमीदारानं अण्णांपुढं माइक धरला. "काका, काय वाटतंय?" अण्णांनी माइककडे पाहिलं. समोर आलेल्या माइकमध्ये आयुष्यात पहिल्यांदाच ते बोलले नाहीत. त्यांनी गळ्यातला फोन वर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी हात खाली घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत इतका राग होता की बातमीदार दोन पावलं मागं सरला.

त्या संध्याकाळी गुलशनआपांची हिरवी पट्टी जवळजवळ संपली. त्यांना तहान लागली होती. त्यांनी ओठ हलवले, पण पाणी हा शब्दही आला नाही. त्यांनी वैजयंताच्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं. ते दृश्य घराघरांत दिसलं.

नंतर राणे बाहेर आले. त्यांचा आवाज तोच होता, गार आणि मऊ. रुग्णांच्या यंत्रांना यापुढं किमान मर्यादा ठरवून दिली जाईल, बोलोत वा न बोलोत, तिच्याखाली कुणी जाणार नाही, आणि सगळी यंत्रं पूर्वीच्या स्मृतीनं पुन्हा सुरू केली जातील, असं त्यांनी जाहीर केलं. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. 'ग्राहकांच्या भावनांचा आदर करून' असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत. रस्त्यावर थुंकून ते जीपमध्ये जाऊन बसले.

अण्णांचं यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तेव्हा ते घरीच होते. काही मिनिटं त्यांच्याकडे एकही शब्द नव्हता. मग सगळ्यांचे शब्द परत आले आणि त्यांच्यापलीकडे मोठी, स्वच्छ, रिकामी जागा.

ती भरायला आख्खं गाव आलं. तालमीतली पोरं आली, रणजित मगदूम आपल्या वस्तादांना घेऊन आला. त्यानं अंगणात कलाजंग टाकून दाखवला आणि वस्तादांनी आधी डावाचं नाव घेतलं, मग पोराचं, मग स्वतःचं. अण्णांनी तिन्ही नावं अशी पुकारली की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. शेजारच्या बायकांनी भांड्यांची, धान्यांची, नात्यांची नावं दिली. जोंधळा आला, मेव्हणा आला, घोंगडं आलं. 'न्हाई' आणि 'हाय' परत आले, तेव्हा वैजयंता चुलीपाशी जाऊन रडून आली.

आठवडाभरानं मृदुला पुण्याहून आली. ती रजा टाकून गावोगाव फिरत होती, काही राहिलंय का हे बघायला. कंपनीनं तिला दुसऱ्या विभागात टाकलं होतं. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. दुपारची वेळ होती. सोप्यात अण्णा, वैजयंता आणि ती, एवढीच माणसं.

"अजून कुठला शब्द अडतोय का अण्णा?"

 अण्णा हळूच म्हणाले, "ती."

"आई?" वैजयंता म्हणाली. "सोनाबाई? सोना?"

"ते समदं आलंय. ते लोकांचं. माझं येगळं हुतं."

"तुमी आईला येगळं काय म्हणायचा?"

"दार लावल्यालं असताना." त्यांनी लेकीकडे न बघता सांगितलं. "लगीन झालं तवापास्नं. दुसऱ्या कुणाच्या कानावर न्हाई कधी. मला झटका आला, पट्टी बसली, तवा तिला वाटलं, ह्यो आता मला हाक कशी मारंल? एक दिवस तिनं दार लावून घेतलं आन् माझ्याम्होरं बसून ते नाव स्वतःच म्हणून दावलं. पुन्यांदा. पुन्यांदा. लाजत हुती."

वैजयंताला हे ठाऊक नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला.

"ती गेल्यावर हाक मारायला कुणी ऱ्हायलं न्हाई," अण्णा म्हणाले. "समद्यात आधी तेच गेलं. फेट्याच्या आधी. मला वाटलं, दुःखानं जीभ धरली. कुणाला बोललो न्हाई."

मृदुलानं संगणक उघडला आणि पुन्हा मिटला. तो साठा केव्हाच पुसला गेला होता, हे तिला बघायची गरज नव्हती. "कसं होतं ते?" तिनं विचारलं. "पहिलं अक्षर? लहान होतं की मोठं? मी एकेक अक्षर म्हणून बघते..."

ती म्हणत गेली. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले, प्रत्येक अक्षराला मान हलवत राहिले, नाही, नाही, नाही. ते नाव त्यांच्या आत अख्खं होतं, तिच्या तोंडचं, तिच्या लाजण्यासकट; सुट्या अक्षरांत ते ओळखू येत नव्हतं. पण गाठ मारायला ते कुणी तरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. जगात ते दोघांनाच ठाऊक होतं. तिसरं ठाऊक होतं ते यंत्राला, आणि त्यानं ते वापरात नसलेलं म्हणून पुसून टाकलं होतं.

मृदुला थांबली. "अण्णा, मी..." तिनं हात जोडले.

अण्णांनी डोळे उघडले. राग त्यांच्या मानेवरून वर चढत आलेला दिसत होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "माफी नगं मला! तुजी नगं, त्येंची बी नगं. मला येवढंच सांग पोरी. ते नाव आता म्या कुणाकडनं शिकायचं?"